अण्णांच्या अंगठ्याखालची बटणं

अंबादासअण्णांची आठवण आली की मला आधी राग येतो. कुणाचा, हे ठरवायला वेळ लागतो, कारण त्या रागाचे वाटेकरी बरेच आहेत. आमचे मॅनेजर बिराजदार आहेत, कारखान्यातल्या कॉम्प्युटरचं कंत्राट घेणारा कदम आहे, आणि खुद्द अण्णाही आहेत. मी हिशेबाचा माणूस. कुणाच्या नावावर किती टाकायचं, हे मला नीट मांडता आलं पाहिजे. या एका बाबतीत माझी बेरीज अजून जुळलेली नाही.

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आहे. तिथं माझं आणि अण्णांचं टेबल एकाच खोलीत होतं, मधे फक्त एक लोखंडी कपाट. मी जमाखर्च बघायचो, ते टॉवेलची डिझाइनं करायचे. खोलीच्या पलीकडे माग चालत असल्यामुळे आत कुणी हळू बोलत नसे. अण्णा तर मुळीच नाही. चहा गार आला तर ओरडत, फार गरम आला तरी ओरडत. पंखा जोरात असला की 'उडवून लावताव काय,' आणि बंद केला की 'मारालाव काय.' डिझाइनमधली घरं ते तेलुगूत मोजायचे, ओकटी, रेंडु, मूडु. आणि शिव्या मात्र शुद्ध सोलापुरी मराठीत द्यायचे. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मोजणं आईकडनं आलंय, शिव्या मागावरनं."

कॉम्प्युटर येण्याआधी ते पुठ्ठ्याची कार्डं पाडायचे. मागावर नक्षी कुठं उठवायची आणि कुठं नाही, हे त्या कार्डांवरच्या भोकांवरून ठरतं. ती भोकं पाडायच्या मशीनला सगळे पियानो म्हणत, कारण दहाही बोटांखाली एकेक खुंटी आणि पायाखाली पट्टी. अण्णांची बोटं त्या पियानोवर तयार झालेली. प्रत्येक बोटाला आपापलं काम माहीत होतं. एक बोट दुसऱ्याचं काम करायला लागलं की नक्षी बिघडते, हे त्यांचं शास्त्र होतं आणि ते त्यांनी माणसांनाही लावलं होतं. मी कधी डिझाइनबद्दल काही बोललो तर माझ्याकडे न बघता म्हणायचे, "मानेसाहेब, तुमची खुंटी दाबा."

माझ्या मुलीच्या लग्नात त्यांना टॉवेल-टोपीचा आहेर केला. रीत अशी की टोपी डोक्यावर, टॉवेल खांद्यावर, नमस्कार आणि पुढचा माणूस. अण्णांनी टोपी घातली, पण टॉवेल खांद्यावर घेतला नाही. तो उलटा केला, उजेडाकडे धरला, काठावरून अंगठा फिरवला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "कुणाचं काम हाय हे? काठाला तार चुकलाय की!"

माझी बायको म्हणाली, "अण्णा, आहेर आहे तो. चालायचंच."

"वहिनी, आहेर हाय म्हणूनच न्हाय चालत. आपल्या घरी असला पुसायला घ्या. लोकाला देऊ नका."

तो टॉवेल त्यांनी घेतला नाही. टोपी घेऊन गेले. बायको त्यानंतर बरेच दिवस त्यांचं नाव काढत नव्हती. तेव्हा मलाही राग आला होता. पण तार, म्हणजे एक धागा, चुकला होता हे खरं. घरी येऊन मीच तो उलटा करून पाहिला.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा परत आला, डावा हात आला नाही. तो खांद्यापासून नुसता लोंबायचा. बाहेर जाताना ते तो पँटच्या खिशात घालून ठेवायचे, म्हणजे लोकांना वाटावं की माणूस ऐटीत उभा आहे. कामावर परत आले त्या दिवशी जेवताना मी त्यांच्या डब्याचं झाकण काढून द्यायला हात पुढं केला. त्यांनी डबा दोन्ही गुडघ्यांत धरला, उजव्या हातानं झाकण ओढलं, आमटी पँटवर सांडली, आणि माझ्यावर खेकसले, "मी मागितलं का?"

मागायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पुढचं सगळं त्या नियमापाशी येऊन अडकलं.

डिझाइन करताना उजव्या हातात माउस असतो आणि डावा हात कीबोर्डवर. चुकलं तर मागे घे, अर्धं फूल काढलं की आरशासारखं उलटून दुसरी बाजू भर, रंग उचल, जपून ठेव, ही सगळी कामं डाव्या हाताची. अण्णांचा एकटा उजवा हात आता मागावरच्या धोट्यासारखा माउसवरून कीबोर्डवर आणि कीबोर्डवरून माउसवर पळायला लागला. संध्याकाळी मनगट सुजायचं. बोलायचे काही नाहीत, पण त्या दिवसांत चहाला शिव्या देणंही बंद झालं होतं, त्यावरून मला कळलं.

एका सोमवारी ते नवाच माउस घेऊन आले. गेम खेळणारी पोरं वापरतात तसला. आत लाल दिवे, अंगठ्याच्या जागी दोन जादा बटणं आणि तर्जनीच्या कडेला आणखी दोन. पॅकिंगमधली माणसं बघायला गोळा झाली.

"काय अण्णा, आता गेम खेळालाव का?"

"व्हय. तुझ्याशी."

माझ्याकडे वळून मात्र त्यांनी अंगठा दाखवला. "पियानोवर ह्याला काम होतं. हितं आल्यापासनं हरामखोर झालाय. नुसता माउसला टेकून बसतो. आता ह्याला कामाला लावतो."

आमच्या कारखान्यात सगळ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. त्यावर ही जादा बटणं आपोआप हवं ते काम करत नाहीत. कोणत्या बटणानं काय करायचं हे एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. माहिती इंग्रजीत होती. अण्णांचं इंग्रजी अक्षरांपुरतं, म्हणून मी मोठ्यानं वाचायचो आणि ते एका हातानं टाइप करायचे. हे मदत मागणं नव्हतं. "तुमी वाचत बसा, माझ्या कानावर पडंल तेवढं पडंल," अशी त्याची व्यवस्था होती.

पहिल्याच झटक्यात चूक झाली. डावं बटण एक, मधलं दोन, उजवं तीन, तर अंगठ्याचं चार असणार, असा सरळ हिशेब अण्णांनी केला. मलाही तो पटला. त्यांनी चार नंबरला 'मागे घे' हे काम लावलं आणि मोराच्या डिझाइनला बसले. दुपारपर्यंत मोर उभा राहिला. मग वरचा तुरा बघायला त्यांनी माउसचं चाक फिरवलं, आणि मोर शेपटीकडून उसवायला लागला. पिसं गेली, पाय गेले. अण्णा घाबरून चाक आणखी जोरात फिरवतात, तर मान गेली.

"कोण करालंय बे हे? माने, तुमी कशाला हात लावला का? पंखा बंद करा! कदमला बोलवा!"

मोर पूर्ण उसवला तेव्हा पडद्यावर नुसती पांढरी चौकडी उरली होती.

एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो उघडला की एक पांढरी खिडकी येते. तिच्यात माउस नेऊन काहीही दाबलं की त्या बटणाचा नंबर शेजारी छापून येतो. दुसऱ्या दिवशी मी त्याची माहिती वाचली, अण्णांनी तो उघडला आणि एकेक दाबून बघितलं. चाक वर फिरवलं की चार. खाली फिरवलं की पाच. अंगठ्याची बटणं आठ आणि नऊ निघाली.

"म्हंजे चाक पण बटनच? मग सांगायचं की! आणि सहा-सात कुणाच्या नावावर?"

मी वाचून सांगितलं, "आडव्या फिरणाऱ्या चाकाच्या."

"आपलं चाक आडवं फिरत न्हाय."

"तरी नंबर राखून ठेवलेत."

"म्हंजे शेटच्या जावयाची खुर्ची," अण्णा म्हणाले आणि झटका आल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

त्यानंतर ते जुने अण्णा झाले. आठ म्हणजे मागे, नऊ म्हणजे आरसा, तर्जनीजवळच्या दोन बटणांपैकी एक रंग उचलायला आणि एक जपून ठेवायला. हात माउसवरून हलायचा नाही. अंगठा टकटक चालायचा. मोर पुन्हा काढला, तो पहिल्यापेक्षा बरा निघाला आणि आजही तो टॉवेल आमच्याकडे निघतो. चहाला शिव्या सुरू झाल्या. इतकंच नाही, बोलता बोलता कुणी चुकीचं बोललं की अण्णा हवेत अंगठा दाबायचे. म्हणजे मागे घे. बिराजदारांनी एकदा मीटिंगमध्ये, कारखाना म्हणजे कुटुंब आहे, असं सांगितलं तेव्हा माझ्या शेजारी टेबलाखाली तो अंगठा तीनदा दाबला गेला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कदमनं सगळे कॉम्प्युटर बदलले. नवी मशीनं, नवं लिनक्स. मशीन चालू केलं की कुणाचं नाव विचारायचं नाही, थेट काम सुरू, अशी सोय त्यानं करून ठेवली होती. सगळे खूश झाले. अण्णांनी आपली फाइल आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. ती नव्या मशीनवर जागच्या जागी ठेवली, माउस लावला आणि अंगठा दाबला.

काही झालं नाही.

परत दाबला. नऊ दाबलं. चारही बटणं दाबून पाहिली. बटणं दाबली जात होती, टक असा आवाज येत होता, आणि पडद्यावर काहीच हलत नव्हतं. मी ती फाइल अक्षर अक्षर ताडून पाहिली. एक बिंदूही इकडचा तिकडे नव्हता.

कदम आला. तो तिशीतला, कामात हुशार आणि स्वभावानं वाईट नसलेला माणूस होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो म्हणाला, "अण्णा, आतली पद्धतच बदलली आहे. पडद्यावरचं सगळं आता वेगळी यंत्रणा चालवते. ती तुमची जुनी फाइल ऐकत नाही."

"फाइल तीच हाय. माउस तोच हाय. हात तोच हाय. मग बिघडवलं कुणी? तू बिघडवलंस."

"अण्णा, नीट बोला."

"मुद्दाम केलंस तू. पासवर्ड दे तुझा, मी बगतो."

"पासवर्ड कुणाला देता येत नाही. नियम आहे."

"नियम म्हणं! येडं का खुळं बे तू? काम येत न्हाय तर कंत्राट कशाला घेतलंस?"

हे त्यांनी पॅकिंगच्या सगळ्या माणसांसमोर म्हटलं. कदमचा चेहरा उतरला. 'हे एवढं करून दे' असं अण्णा एकदा जरी म्हणाले असते! पण ते मागणं झालं असतं. आणि कदमनंही एकदा म्हणावं की थांबा, दुसरा काही मार्ग आहे का बघतो. पण त्याचा अपमान झाला होता. तो बॅग उचलून म्हणाला, "माउस माझ्या कंत्राटात येत नाही," आणि गेला.

मी बिराजदारांकडे गेलो. अण्णांनाही तिथं बोलावलं गेलं. बिराजदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, सगळ्यांना तीनच बटणं आहेत. सगळे त्यातच भागवतात. तुम्हालाच जास्त कशाला लागतात?"

सगळ्यांना दोन हात आहेत, हे त्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. समोर अण्णा उभे होते, डावा हात खिशात घालून, ऐटीत. मला वाटलं, आता अण्णा फुटणार. पण ज्या माणसानं गार चहासाठी छप्पर डोक्यावर घेतलं होतं, तो तिथं एक शब्द बोलला नाही. अंगठाही हलला नाही. मीच बोललो, की साहेब, त्यांचा हात... तर बिराजदार म्हणाले, "माने, तुम्ही हिशेब बघा."

अण्णांचा हात पुन्हा धोटा झाला. डिझाइनं उशिरा व्हायला लागली. उशीर झाला म्हणून बिराजदारांनी त्यांना 'हलकं काम' दिलं. कोणतं? टॉवेलच्या घड्या घालायचं. टॉवेलची एक बाजू हनुवटीखाली दाबायची, दुसरी उजव्या हातानं ओढायची, मग मांडीवर दुमडायची. शेजारच्या बायका त्यांच्या घड्या गुपचूप सारख्या करून ठेवायच्या आणि ते कळू नये म्हणून दुसरीकडे बघून गप्पा मारायच्या. पण अण्णांना कळल्यावाचून राहिलं नसणार. ज्यांना चुकलेला एक तार कळायचा, त्यांना हे कळणार नाही? एका शनिवारी ते गेले ते परत आलेच नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी कदम माझा प्रिंटर बघायला आला. काम झाल्यावर चहा पिताना मी त्याला सहज म्हटलं, "अण्णांच्या बटणांना खरंच काही उपाय नव्हता का हो?"

"होता की," तो म्हणाला. "हे थेट सुरू होतं ना, त्यातून एकदा बाहेर पडायचं. मग नाव विचारणारं पान येतं. आपल्या नावावर क्लिक केलं की खाली उजव्या कोपऱ्यात दात असलेल्या चाकाचं छोटं चिन्ह दिसतं. त्यात जुनी पद्धत निवडता येते. त्यांना लागणारे प्रोग्रॅम मी जुन्या मशीनवरून आणले होतेच. फाइल आपोआप चालली असती."

"पासवर्ड लागतो?"

"माझा नाही लागत. ज्याचा त्याचा." आणि कप खाली ठेवत म्हणाला, "त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्या संध्याकाळी मी पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अण्णांच्या घरी गेलो. दारातच बसले होते, खुर्चीवर, मांडीवर शेंगांचं ताट. एका हातानं शेंग फोडून दाणा काढत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, कदमच्या सात पिढ्या उद्धरतील. त्यांनी एवढंच विचारलं, "खाली उजवीकडं?"

"उजवीकडं."

"उद्या येतो."

आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत माउस. त्यांचं मशीन तिथंच होतं, त्यावर कुणी बसत नव्हतं. मी वाचून दाखवायला पुढं झालो, तर हातानंच थांबवलं. बाहेर पडले, पान आलं, नावावर क्लिक केलं, चाक दिसलं, जुनी पद्धत निवडली, आपला पासवर्ड टाकला. मग एक कोरी चौकडी उघडून अर्धं कमळ काढलं. तेलुगूत मोजत होते, मला ऐकू येत होतं. अंगठा नऊवर गेला, टक झालं, आणि कमळ पूर्ण झालं.

तेवढ्यात बिराजदार आले. "अरे वा, अण्णा! झालं का सुरू? छान, छान." मग घड्याळ बघत म्हणाले, "पण आता काय आहे, आपण डिझाइनं बाहेरून मागवतो. मेलवर येतात. ते परवडतं. तब्येतीला जपा." आणि गेले.

अण्णांनी ते कमळ न जपता बंद केलं. पुन्हा बाहेर पडले, त्या चाकात जाऊन नवी पद्धत होती तशी निवडली. मी म्हटलं, "अण्णा, राहू द्या की जुनी. कुणाला काय त्रास आहे?"

"दुसऱ्याच्या मागावर बसलं तर उठताना तुटले तार बांधून उठायचं. होतं तसं ठेवायचं." मशीन बंद केलं, माउसची वायर एका हातानं टेबलाच्या कोपऱ्याभोवती गुंडाळली, ते वेटोळं काढून घेतलं आणि माउस पिशवीत टाकला.

मी फाटकापर्यंत गेलो. कुंभारीहून येणारा नवा वॉचमन होता. त्यानं पिशवी बघायला मागितली, माउस बाहेर काढला. "हे कंपनीचं हाय का?"

"माझं हाय."

"तुमचं कसं? आतनं आणलाव की. साहेबांना विचारावं लागंल."

"त्यांचा आहे तो!" मी ओरडलो. "त्यांचाच आहे! ठेव आत! कुणालाही विचारायचं नाही!"

एवढ्या वर्षांत त्या आवारात मी कुणावर आवाज चढवला नव्हता. मागावरची दोन माणसं दारात येऊन बघायला लागली. अण्णा माझ्याकडे बघत होते, जरा नवलानंच.

"ओरडू नका माने," ते हळू म्हणाले. "त्याचं काम करालाय तो."

वॉचमननं माउस परत पिशवीत ठेवला आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. अण्णांनी ती उजव्या हातानं खांद्यावर टाकायचा प्रयत्न केला. पट्टा घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. मी पुढं झालो नाही. मला डब्याचं झाकण आठवत होतं.

अण्णा वळले.

"पट्टा जरा वर घ्या की," ते म्हणाले.

मी घेतला. डावा हात त्यांनी खिशात घातला, आणि रिक्षाची वाट न बघता अक्कलकोट रोडच्या कडेनं चालत गेले.